सहायक पाळक आणि पाळकांचा सहायक

शब्द तेच दोन, पण मागेपुढे केले की माणूस बदलतो. तरी लग्नपत्रिका, ख्रिस्तजयंतीचे फ्लेक्स, अंत्यविधीचे मेसेज, सगळीकडे सरमिसळ चालूच. मी काही वर्षं एका पाळकसाहेबांची, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंची, डायरी सांभाळली. तेवढ्यात पाचसहा वेळा तरी लोकांनी मला छापून ‘सहायक पाळक’ केलं.

सहायक पाळक कोण, हे मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, माणसाला सांगायला नको. सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात शिकलेला, दीक्षा झालेला, नावापुढे ‘रेव्ह.’ लावणारा, थोरल्या पाळकांच्या हाताखाली सेवा करणारा. वसईकडचे कॅथलिक त्याला सहायक धर्मगुरू म्हणतात.

पाळकांचा सहायक म्हणजे साध्या भाषेत पी.ए. फोन घेणं, भेटीच्या वेळा लावणं, इस्पितळात कोण कुठल्या वॉर्डात आहे त्याची यादी करणं, बाप्तिस्म्याचा दाखला टाइप करून सहीला ठेवणं. आपल्या बहुतेक मंडळ्यांत असं पद नसतंच. हे सगळं पाळकीणबाई, म्हणजे पाळकांच्या पत्नी, करतात, पगाराशिवाय आणि नावाशिवाय. त्यांना कुणी पत्रिकेवर चुकूनही बढती देत नाही, हे जाता जाता सांगतो.

पगार किती, झगा कोण घालतो, वेदीजवळ कोण बसतो, हे फरक गौण. काही पी.ए. उपदेशही छान करतात, त्यावरून काही ठरत नाही.

खरी मेख अधिकार कुणाचा, यात आहे. सहायक पाळकाच्या डोक्यावर हात ठेवून मंडळीनं त्याला नेमलेलं असतं. थोरल्या पाळकांची बदली झाली तरी त्याची दीक्षा त्याच्यापाशीच राहते. पी.ए.चा अधिकार उसना. ‘साहेबांनी सांगितलंय’ एवढीच त्याची पुंजी, आणि साहेब बदलले की तीही संपली. बायबलमधलं रोमकरांस पत्र प्रेषित पौलाचं, पण ते लिहून घेतलं तर्तियानं. सोळाव्या अध्यायात तो स्वतःच तसं सांगून सलाम पाठवतो. म्हणून त्याला कुणी प्रेषित म्हणत नाही. मंडळीच्या वडीलवर्गानं हात ठेवले ते पौलाच्या तरुण सहकाऱ्यावर, तीमथ्यावर.

गोंधळ इथंच होतो, कारण लोकांना रोज भेटतो तो पी.ए. दार तोच उघडतो, निरोप तोच देतो. मग वाटतं, हाही अर्धा पाळकच. त्यात काही पी.ए.ही फोनवर ‘आम्ही बघतो’, ‘आम्ही ठरवू’ असं बोलायला लागतात. मला या ‘आम्ही’ची फार चीड आहे. निरोप्यानं निरोपापुरतंच बोलावं.

एका लग्नात हे अंगाशी येता येता राहिलं. साहेब कसारा घाटात अडकलेले, साडेपाच वाजून गेलेले. नवरीचे मामा माझा दंड धरून म्हणाले, “भाऊ, तुम्हीच उरका ना. पुस्तकातून वाचायचंच तर आहे!” वाचता मला आलं असतं, लग्न मात्र झालं नसतं. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याचं कलम 5 लग्न कोण लावू शकतो ते सांगतं: रीतसर दीक्षित, परवानाधारक, विवाह निबंधक असे मोजकेच. त्यांच्याखेरीज कुणी लावलं तर कलम 4 प्रमाणे ते लग्नच रद्दबातल, आणि लावणाऱ्याला कलम 68 खाली दहा वर्षांपर्यंत कैद. शिवाय कलम 10 नं वेळ बांधलेली, सकाळी सहा ते संध्याकाळी सात. सातनंतर लावायचं तर बिशपांचा खास परवाना लागतो, तो तिथं कुणाकडे होता!

मामांना हे सांगितलं तर ते म्हणाले, “मग पत्रिकेत तुमचं नाव कशाला घातलं?”

साहेब सहा वीसला पोचले. मी त्यांच्या हातात पुस्तक दिलं, रजिस्टर उघडून ठेवलं आणि मागच्या बाकावर जाऊन बसलो. बाकावर कुणाची तरी पत्रिका पडली होती. माझ्या नावापुढे ‘रेव्ह.’ छापलं होतं.