इंग्लंडच्या फलंदाजांची कसोटी सरासरी

कसोटीत पन्नासची सरासरी हा थोर फलंदाजाचा रूढ निकष. किमान ५,००० धावांची अट लावली, तर तो पाळून निवृत्त झालेले इंग्लंडचे फलंदाज पाचच: हॉब्ज (५६.९४), हॅमंड (५८.४५), हटन (५६.६७), कॉम्प्टन (५०.०६) आणि बॅरिंग्टन (५८.६७). बॅरिंग्टन १९६८ मध्ये शेवटची कसोटी खेळला. त्यानंतरचे बॉयकॉट (४७.७२), पीटरसन (४७.२८) आणि कुक (४५.३५) पन्नाशीच्या अलीकडेच थांबले.

पन्नाशी हुकण्याचे मुख्य कारण घरचेच आहे. इंग्लंडमध्ये ड्यूक्स चेंडू वापरतात. त्याच्या शिवणीच्या सहाही ओळी हाताने घातलेल्या असतात. ऑस्ट्रेलियात वापरल्या जाणाऱ्या कूकाबुरा चेंडूत फक्त मधल्या दोन. त्यामुळे कूकाबुराची शिवण पंचवीस-तीस षटकांत बसते, ड्यूक्सची मात्र पन्नास षटकांनंतरही उठून राहते. ढगाळ हवा आणि खेळपट्टीतला ओलावा यांची भर पडली, की चांगल्या टप्प्यावरचा चेंडू शेवटच्या क्षणी बाहेर निघतो आणि ड्राइव्हला गेलेल्या बॅटची कड घेऊन स्लिपमध्ये जातो. लॉर्ड्सवर मैदानाच्या दोन बाजूंत सुमारे अडीच मीटरचा उतार आहे: पॅव्हिलियनकडून टाकलेला चेंडू उजव्या फलंदाजाच्या आत येतो, समोरच्या नर्सरी टोकाकडून टाकलेला बाहेर जातो. २०१४ मध्ये तिथल्या हिरव्या खेळपट्टीवर अजिंक्य रहाणेने १०३ धावा केल्या, ती खेळी अव्वलच. पण पाहुण्याला हे एका दौऱ्यापुरते सोसायचे असते. इंग्लंडच्या फलंदाजाची निम्मी कारकीर्द यातच जाते. सर्वाधिक झळ सलामीवीरांना बसते. २०१२ मध्ये स्ट्रॉस निवृत्त झाल्यावर कुकसोबत जवळपास डझनभर जोडीदार आजमावले गेले. बॅरिंग्टनचे आकडेही हेच सांगतात: त्याची सरासरी घरी सुमारे ५०, परदेशात सुमारे ६९.

मग बाकीच्यांनी परदेशात भरपाई का केली नाही? कौंटीत, म्हणजे इंग्लंडच्या देशांतर्गत क्रिकेटमध्ये, ताशी १२०-१२८ किलोमीटरचे मध्यमगती गोलंदाज बरेच. त्यांचा स्विंग निष्प्रभ करायला फलंदाज क्रीजबाहेर उभा राहतो आणि पुढच्या पायावर झुकतो. पर्थ किंवा ब्रिस्बेनला तोच झुकाव घात करतो, कारण तिथला चेंडू उसळून ग्लोव्ह्जपाशी येतो आणि कट-पुलसाठी मागे जायला वेळ उरत नाही. आशियात फिरकीवर पाय अडतात. कौंटी चॅम्पियनशिपचे बरेच सामने एप्रिल-मे आणि सप्टेंबरमध्ये होतात, भर उन्हाळा मर्यादित षटकांकडे जातो. म्हणून कोरड्या, वळणाऱ्या खेळपट्टीचा सराव तोकडा पडतो. २०२३ आणि २०२४ मध्ये काही फेऱ्या कूकाबुराने खेळवल्या, तो यावरचाच एक प्रयत्न होता.

त्यात सामने भरपूर. घरच्या एका मोसमात सहा-सात कसोट्या, वर हिवाळी दौरे. फॉर्म गेला तर दुरुस्तीला उसंत नाही. समजा फलंदाज ९० वेळा बाद झाला आणि सरासरी ५० आहे, म्हणजे ४,५०० धावा. पुढच्या ४० बादांत ३५ च्या हिशेबाने १,४०० धावा आल्या, तर सरासरी ४५.४ वर येते. ट्रॉट २०११ अखेर पन्नाशीच्या बराच वर होता, संपला ४४.०८ वर.

जो रूटने १३,००० धावा ओलांडूनही सरासरी पन्नाशीच्या आसपास राखली आहे. तो चेंडू डोळ्यांखाली येऊ देतो, थर्ड मॅनकडे हलकेच वळवून एकेक धाव काढत राहतो आणि फिरकीला स्वीप मारतो. शिवाय तो चौथ्या क्रमांकावर रमला, त्यामुळे नव्या चेंडूचा पहिला मारा बहुतेकदा इतरांनी झेललेला असतो.