एक दात चुकला की ब्रेक सुटतो

गेल्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. रत्नागिरीला आमच्या घराकडे वळलं की शेवटी छोटासा उतार आहे आणि उताराच्या टोकाला फाटक. तिथे नेहमीसारखा हलका ब्रेक लावला, तर फाटकाच्या जरा अलीकडे पेडल पायाखाली थरथरलं, पुढून दळल्यासारखा गुरगुराट आला आणि गाडी हातभर पुढे सरकून थांबली. रस्ता कोरडा ठणठणीत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भरवेगात ब्रेक उत्तम लागत होते. गाडी थांबायच्या बेतात आली की मात्र हा प्रकार. डॅशबोर्डवर एकही दिवा पेटलेला नाही.

गॅरेजमध्ये दाखवली. मेस्त्रींनी एक चक्कर मारली आणि म्हणाले, "काका, एबीएसचं मॉड्यूल गेलंय. बदलायला लागेल." एबीएस म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, ब्रेक लावल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. खर्च चाळीस हजारांच्या घरात आणि गाडी अकरा वर्षांची. मी विचार करून सांगतो म्हटलं आणि गाडी घरी आणली. बिघाड ठरावीक वेगालाच का होतो, याचं उत्तर मिळाल्याशिवाय एवढा महागडा भाग बदलायला मन घेईना.

ते उत्तर शोधायचं तर आधी एबीएस करतं काय, ते पाहायला हवं. गाडी ताशी साठ किलोमीटरने धावत असली, तरी टायरचा जो तळहाताएवढा भाग त्या क्षणी रस्त्याला टेकलेला असतो, तो रस्त्याच्या मानाने जवळजवळ स्थिर असतो. टेकतो, पकड घेतो, उचलला जातो. ब्रेक लावला की चाक गाडीच्या मानाने किंचित हळू फिरू लागतं. हा फरक साधारण दहा ते वीस टक्क्यांपर्यंत असतो तेव्हा डांबरी रस्त्यावर पकड सर्वांत चांगली मिळते. त्यापुढे गेलं की चाक क्षणार्धात जाम होतं आणि टायर नुसता घासत जातो. घासत जाणाऱ्या टायरची पकड कमी होते, आणि त्याहून वाईट म्हणजे त्याला दिशाच उरत नाही. स्टिअरिंग कितीही फिरवा, जाम झालेली पुढची चाकं गाडीला सरळच नेतात. समोरच्या म्हशीला चुकवून जाता येणं, हा एबीएसचा खरा फायदा आहे. थांबण्याचं अंतर प्रत्येक वेळी कमी होतंच असं नाही. सुट्या खडीवर तर ते वाढूही शकतं.

ही कल्पना आधी विमानांच्या चाकांसाठी वापरात आली. रस्त्यावरच्या गाडीत तिचं यांत्रिक रूप १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश गाडीने आणलं. चारही चाकांसाठीची बॉशची इलेक्ट्रॉनिक प्रणाली १९७८ मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये आली. आपल्याकडे १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं, त्यामुळे हा विषय आता साध्या हॅचबॅकवाल्याच्याही दारात आला आहे.

यंत्रणेचे भाग तसे मोजकेच. प्रत्येक चाकाजवळ एक सेन्सर, त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणारी दातेरी रिंग, बॉनेटखाली झडपा आणि पंप असलेला ठोकळा, आणि त्याला चिकटलेला कॉम्प्युटर. एखादं चाक बाकीच्यांपेक्षा एकदम मंदावलं, तर कॉम्प्युटर त्या चाकाची झडप उघडून ब्रेकचा दाब क्षणभर सोडतो, चाक पुन्हा फिरू लागलं की परत देतो. सेकंदात हे अनेक वेळा होतं आणि पायाला जाणवते ती हीच थरथर. म्हणजे एबीएसचा सगळा कारभार मोजणीवर चालतो. कॉम्प्युटरला रस्ता दिसत नाही, पाऊस दिसत नाही. त्याला फक्त दात मोजता येतात.

माझ्या गाडीचा हिशोब असा मांडला. रिंगला ४८ दात, चाकाचा घेर सुमारे १.८ मीटर. ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाला दर सेकंदाला साडेपाच फेरे, म्हणजे साधारण २६५ दात. ताशी ९ किलोमीटरला तेच ६६ वर येतात. सेन्सरसमोरून एक दात गेला की कॉम्प्युटरला एक ठोका मिळतो. वेग जास्त असताना इतके ठोके येतात की एखादा चुकला तरी सरासरीत मिसळून जातो. मंद वेगात ठोके विरळ होतात आणि त्यातला एक उशिरा आला, तर कॉम्प्युटरला वाटतं की चाक एकाएकी अर्ध्यावर आलं. लगेच तो त्या चाकाचा ब्रेक सोडतो. फाटकापाशी नेमकं हेच घडत असावं, असा माझा कयास झाला. दिवा न पेटण्याचंही कारण त्यातच होतं: सेन्सर बोलत होता, तार शाबूत होती, कॉम्प्युटरला बिघाड दिसतच नव्हता. चुकीच्या बातमीवर तो आपलं काम चोख करत होता.

बहुतेकांच्या गाडीत मात्र पिवळा दिवा पेटतो, आणि तो कधी पेटतो ते पाहणं ही घरच्या तपासणीची पहिली पायरी. चावी फिरवली की एबीएसचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. मुळीच लागत नसेल तर जास्त सावध व्हा, विशेषतः जुनी गाडी विकत घेताना. दिव्याची जोडणीच काढून टाकलेली असू शकते. इंजिन चालू केल्यापासून पेटलेलाच राहिला तर बहुधा विजेचा प्रश्न असतो: तार तुटलेली, सेन्सर जळलेला, फ्यूज उडालेला किंवा बॅटरी अगदी उतरलेली. दिवा विझला आणि गाडी थोडी पुढे गेल्यावर पुन्हा पेटला, तर मोजणीत घोळ आहे: सेन्सरवर घाण, फुटलेली रिंग, ढिलं बेअरिंग. लहान मापाची स्टेपनी लावल्यावरही हा दिवा पेटू शकतो, कारण लहान चाक जास्त फेरे घेतं.

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात, सावकाश घरी येता येतं. त्याच्याबरोबर ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर गाडी बाजूला घ्या. हॅण्डब्रेक राहिलाय का पाहा, ब्रेक ऑइलची पातळी पाहा, आणि दोन्ही ठीक असूनही लाल दिवा जात नसेल तर गाडी चालवू नका. अशा वेळी पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकची वाटणी करणारी व्यवस्थाही बंद पडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर मागची चाकं आधी जाम झाली तर गाडी गर्रकन फिरते.

पुढची पायरी स्कॅनरची, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्राची. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात लावायची ब्लूटूथची डबी स्वस्तात मिळते, पण घेताना विचारून घ्या: पुष्कळ स्वस्त डब्या फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड सी या अक्षराने सुरू होतात. सी००३५ पुढच्या डाव्या चाकासाठी, सी००४० पुढच्या उजव्यासाठी, सी००४५ आणि सी००५० मागच्या डाव्या-उजव्यासाठी. काही कंपन्यांचे क्रमांक वेगळे असतात. डावं-उजवं गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरचं. हा कोड वाचताना घाई नको. तो त्या सेन्सरच्या मंडलात (सर्किटमध्ये) दोष असल्याचं सांगतो, सेन्सर मेला असं सांगत नाही. मंडलात तार आहे, सॉकेट आहे, जोडणीतला गंज आहे, आणि चाक वळताना दर वेळी वाकणारी ती वायर बाहेरून धड दिसली तरी आतून तुटलेली असू शकते.

माझ्याकडे कोड नव्हता, म्हणून स्कॅनरला जोडलेल्या फोनवर, चालत्या गाडीत चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी दाखवणारं पान उघडलं. शेजारच्या पोराला फोन हातात देऊन बाजूला बसवलं आणि देवळासमोरच्या मोकळ्या मैदानात गाडी चालीच्या वेगाने सोडली. नऊ, नऊ, नऊ, नऊ. मग तो ओरडला, "काका, डावं पुढचं चार झालं!" पुन्हा नऊ. दोन-तीन सेकंदांनी पुन्हा चार. पडद्याला प्रत्येक फेरी पकडता येत नव्हती, पण चूक दर वेळी त्याच चाकाची होती.

आता चाक उचलायचं. इथे एकच गोष्ट कळकळीने सांगतो. सपाट, कडक जमीन, हॅण्डब्रेक, मागच्या चाकांना दगड, आणि गाडी स्टॅण्डवर टेकवलेली. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. चाक काढल्यावर सेन्सर सापडतो, बहुधा एकाच बोल्टवर बसवलेला. जुन्या पद्धतीच्या सेन्सरच्या टोकाला चुंबक असतो आणि त्यावर डिस्कचा, बेअरिंगचा लोखंडी भुसा मिशीसारखा चिकटतो. मऊ कापडाने तो पुसला आणि सेन्सर नीट बसवला, एवढ्याने बरे झालेले एबीएस मी पाहिले आहेत. गंजाने सेन्सर अडकला असेल तर पक्कडने ओढू नका, प्लॅस्टिक तुटून अर्धा आत राहतो.

मल्टिमीटर असेल तर जुन्या दोन तारांच्या चुंबकी सेन्सरचा रोध साधारण १००० ते २००० ओह्म भरतो. अचूक आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून दुसऱ्या बाजूच्या सेन्सरशी ताडून पाहणं उत्तम. मीटर एसी व्होल्टवर ठेवून चाक हाताने फिरवलं तर थोडासा व्होल्टेज दिसला पाहिजे, जोरात फिरवलं की वाढला पाहिजे. नव्या गाड्यांतले सेन्सर मात्र आत इलेक्ट्रॉनिक चिप असलेले असतात. त्यांचा रोध मोजून काही कळत नाही आणि मीटरमुळे ते खराबही होऊ शकतात. त्यांच्यासाठी स्कॅनरच बरा. अशा बऱ्याच गाड्यांत दातेरी रिंगऐवजी बेअरिंगच्या एका कडेला चुंबकी पट्टी असते. बेअरिंग बदलताना ती बाजू उलटी बसवली की सेन्सरला काहीच दिसत नाही. बेअरिंग बदलल्याच्या दुसऱ्याच दिवशी दिवा पेटला असेल, तर सर्वांत आधी हे तपासायला सांगा. बेअरिंगचा ढिलेपणा हाताने कळतो: उचललेलं चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं नाही पाहिजे.

मी हातात टॉर्च धरून चाक सावकाश फिरवत गेलो. दात, दात, दात, सगळे मातीने माखलेले पण सरळ. आणि मग ती फट. एका ठिकाणी रिंग उभी तडकली होती आणि फटीत नख जाईल एवढी जागा झाली होती. रिंगखाली एक्सलवर गंजाचा पापुद्रा फुगून आला होता. गंज हा मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल मिळून त्याने आतून रेटत रेटत ती रिंग फोडली होती. आमच्या किनारपट्टीवर जुन्या गाडीत हे होतं, हे तिथल्या वाऱ्यात राहणाऱ्या कुणालाही पटेल. फटीपाशी पुढचा दात उशिरा येई आणि कॉम्प्युटर ब्रेक सोडून देई.

थरथर एबीएसची आहे की वाकड्या डिस्कची, हा घोळ नेहमी होतो. डिस्कची थरथर सहसा वेगात ब्रेक लावल्यावर जाणवते, स्टिअरिंगमध्येही येते आणि गाडीच्या वेगाबरोबर मंदावते. एबीएसची कडक, झटक्यांची असते आणि पंपाचा आवाज सोबत येतो. तरी शंका राहिली तर मोकळ्या जागी, अगदी सावकाश, एबीएसचा फ्यूज काढून ब्रेक लावून पाहा. थरथर गेली तर दोष एबीएसच्या मोजणीत. फ्यूज लगेच परत बसवा, तसं रस्त्यावर जाऊ नका.

झडपांचा ठोकळा घरी उघडू नये, ब्रेकच्या नळ्याही सोडू नयेत. आत हवा गेली तर ती काढायला अनेक गाड्यांत स्कॅनरचीच मदत लागते. ब्रेक ऑइल मात्र दर दोन वर्षांनी बदलून घ्या. ते हवेतला ओलावा शोषतं, त्याने उत्कलनबिंदू खाली येतो आणि आतल्या बारीक झडपा गंजू लागतात.

मी तडकलेल्या रिंगचा फोटो घेऊन त्याच मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी तो मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "हे चाक खोलूनच बघायला हवं होतं." एक्सल बाहेर काढून त्यांनी गंज घासला, नवी रिंग गरम करून बसवली. संध्याकाळी आम्ही दोघं त्याच मैदानात गेलो, या वेळी फोन त्यांच्या हातात. गाडी सोडली, हलका ब्रेक लावला, आणि ते एकेक आकडा मोठ्याने वाचत राहिले. नऊ, सात, पाच, चारही चाकांचे एकदम, शून्यापर्यंत.