गोल फिरवलं तिथंच चुकलं

न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ साली, सी लायन पार्क नावाच्या बागेत, 'फ्लिप फ्लॅप' रोलर कोस्टर सुरू झाला. उतारावरून सुटलेली गाडी साधारण २५ फूट व्यासाच्या उभ्या कड्यातून फिरायची, माणसं क्षणभर डोकं खाली, पाय वर. उतरणारे मात्र मान चोळत उतरायचे.

दोष त्या कड्याच्या गोलपणात होता. घर्षण सोडून हिशेब करू. माथ्यावर गाडी रुळांना जेमतेम टेकून राहील एवढा वेग ठेवला, तरी तळाशी बसणाऱ्याला स्वतःचं वजन सहापट जाणवतं. साठ किलोचा माणूस क्षणभर तीनशे साठ किलोंचा! मग कडं मोठं करावं, असं कुणालाही वाटेल. पण त्रिज्या वाढली की माथा पार करायला लागणारा वेगही वाढतो आणि ते सहापट जसंच्या तसं राहतं. प्रत्यक्षात तर घर्षणासाठी आणि सुरक्षेसाठी वेग आणखी जास्त ठेवावा लागतो. शिवाय सपाट रुळावरून गाडी एकदम वर्तुळात शिरली की हा सगळा भार एका झटक्यात येतो. मानेचा घात होतो तो इथंच.

एडविन प्रेस्कॉटच्या 'लूप द लूप' या पोलादी रोलर कोस्टरने १९०१ साली कोनी आयलंडवरच यातून वाट काढली. त्याचं कडं गोल नव्हतं, लंबगोल होतं. झटका बराच सौम्य झाला. पण गाडीत माणसं बसायची फक्त चार. भोवती गर्दी जमायची ती बघ्यांची, आणि बघ्यांच्या जिवावर एवढा लोखंडी सांगाडा किती दिवस पोसणार? १९१० मध्ये तो बंद झाला. त्यानंतर कित्येक दशकं उलट्या कड्याच्या वाटेला फारसं कुणी गेलं नाही.

खरं उत्तर रेल्वेवाल्यांकडे होतं. सरळ रूळ वळणाला जोडताना वाकडेपणा हळूहळू वाढवत नेणारी वक्ररेषा ते एकोणिसाव्या शतकातच वापरू लागले होते. तीच कल्पना उभी केली की कडं पाण्याच्या थेंबासारखं दिसतं: तळाशी वेग जास्त म्हणून वळण ऐसपैस, माथ्यावर वेग कमी म्हणून वळण आवळलेलं. भार एकदम आदळत नाही, चढत जातो. जर्मन अभियंता वेर्नर श्टेंगेल याने असं कडं आखलं, आंटोन श्वार्ट्सकोफच्या कारखान्याने नळीच्या रुळांवर ते उभारलं आणि १९७६ साली कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' धावू लागला. आज उलटं फिरवणारे बहुतेक कोस्टर याच घराण्यातले.

लूप द लूपच्या जागी पुढे 'जायंट रेसर' आला आणि १९२७ मध्ये 'सायक्लोन'. सायक्लोन अजून चालू आहे. त्याचे रूळ लाकडी आहेत, सांगाडा पोलादी, आणि उलटं कडं त्यात एकही नाही.