हार्डविकचा जुना हॉल आणि नवा हॉल: नावांमुळे होणारी गल्लत

इंग्लंडच्या डर्बीशायर परगण्यात, चेस्टरफील्ड शहराच्या आग्नेयेला, एका उंच टेकाडाच्या कडेवर दोन मोठ्या इमारती जवळजवळ उभ्या आहेत. एकीचे छप्पर उडालेले आहे आणि तिच्या रिकाम्या खिडक्यांतून आभाळ दिसते, तर दुसरीच्या दर्शनी भिंतींवर दगडापेक्षा काचच अधिक आहे. पहिलीला हार्डविक ओल्ड हॉल म्हणतात आणि दुसरीला हार्डविक हॉल किंवा न्यू हॉल. ही नावे ऐकून आणि ते अवशेष पाहून बहुतेकांच्या मनात एक गोष्ट आपोआप तयार होते: पूर्वी एक जुने घर होते, ते पडायला आले, आणि मग पुढच्या एखाद्या पिढीने त्याच्या शेजारी नवे बांधले. ही गोष्ट चुकीची आहे, आणि ती दुरुस्त केल्याशिवाय यांपैकी एकही इमारत नीट समजत नाही.

दोन्ही घरे एकाच स्त्रीने बांधली, आणि त्यांच्या प्रारंभात जेमतेम तीन वर्षांचे अंतर आहे. बेस ऑफ हार्डविक या नावाने ओळखली जाणारी एलिझाबेथ टॅलबट, श्रूझबरीची काउंटेस (म्हणजे अर्ल या पदवीच्या सरदाराची पत्नी), हिचा जन्म हार्डविकच्याच एका मध्यम जमीनदार घराण्यात झाला. चार विवाह आणि स्वतःची व्यवहारबुद्धी यांच्या बळावर ती इंग्लंडमधील अत्यंत श्रीमंत स्त्रियांपैकी एक झाली. चौथा पती, श्रूझबरीचा सहावा अर्ल जॉर्ज टॅलबट, याच्याशी तिचे इतके बिनसले की १५८४ च्या सुमारास तिला चॅट्सवर्थ हे डर्बीशायरमधलेच आपले मोठे घर सोडून माहेरच्या मालमत्तेचा आसरा घ्यावा लागला. ती मालमत्ता तिच्या कर्जबाजारी झालेल्या भावाची होती, आणि त्याच्या मृत्यूनंतर तिने ती विकत घेतली होती. तेथे १५८७ मध्ये तिने जे बांधकाम काढले, तोच आजचा ‘जुना’ हॉल.

हे काम चालू असतानाच, १५९० मध्ये, शेजारी नव्या हॉलचा पाया घातला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्लचे निधन झाले आणि विधवेच्या हक्काचे मोठे उत्पन्न बेसच्या हाती आले. आता पैशाची अडचण उरली नव्हती, तरीही तिने अर्धवट घर टाकून दिले नाही. पुढची काही वर्षे दोन्ही ठिकाणी कामे सुरू राहिली. ऑक्टोबर १५९७ मध्ये ती नव्या घरात राहायला गेली, तेव्हा पाहुणे आणि नोकरचाकर यांच्यासाठी जुना हॉल वापरात होताच. म्हणजे नव्या घराने जुन्याची जागा घेतली असे झाले नाही. दोन्ही मिळून एकच मोठा संसार चालत असे.

खरा फरक आहे तो रचनेत. जुना हॉल टप्प्याटप्प्याने, गरज पडेल तसा वाढत गेला, म्हणून त्याचा आराखडा ओबडधोबड आहे आणि दर्शनी बाजूला समतोल नाही. नवा हॉल मात्र आधी कागदावर पूर्ण विचार करून उभारलेला आहे. त्याचा आराखडा रॉबर्ट स्माइदसन याचा मानला जातो. नॉटिंगहॅमजवळचे वोलटन हॉल हेही त्याचेच काम. सहा मनोरे, काटेकोर समतोल, आणि मजल्यागणिक उंच होत जाणाऱ्या खिडक्या: तळाशी कामकाजाच्या खोल्या, मधल्या मजल्यावर कुटुंबाचे राहणे, आणि सर्वांत वर, सर्वांत उंच खिडक्यांच्या उजेडात, मानाच्या पाहुण्यांची दालने. काच त्या काळी फार महाग होती, त्यामुळे एवढ्या खिडक्या म्हणजे दुरूनच वाचता येणारी श्रीमंतीची घोषणा होती. धुराडी बहुतांशी आतल्या भिंतींत घेतली म्हणून बाहेरच्या भिंती खिडक्यांसाठी मोकळ्या राहिल्या. मनोऱ्यांच्या माथ्यावर तिने आपल्या नावाची आद्याक्षरे, ‘ई’ (एलिझाबेथ) आणि ‘एस’ (श्रूझबरी), दगडात कोरून घेतली, आणि ती आजही आकाशाच्या पार्श्वभूमीवर स्पष्ट दिसतात.

असे असले तरी जुन्या हॉलला नुसता कच्चा खर्डा समजणे माझ्या मते अन्यायाचे आहे. इंग्रजी घरांतील मुख्य दिवाणखाना परंपरेने दर्शनी भिंतीला समांतर असे, आणि त्यामुळे दरवाजा एका बाजूला पडे. हा दिवाणखाना दर्शनी बाजूपासून मागच्या बाजूपर्यंत आरपार घेण्याची कल्पना, जिच्यामुळे नव्या हॉलचा दरवाजा बरोबर मध्यभागी आला, आधी जुन्या हॉलमध्येच अमलात आणलेली दिसते. तेथे वरच्या मजल्यांवर एक नव्हे तर दोन भव्य दालने होती. त्यांपैकी एकात शेकोटीच्या वर चुन्याच्या गिलाव्यात घडवलेल्या दोन प्रचंड राक्षसांच्या आकृती आहेत. खालची जमीन आणि वरचे छत नाहीसे झाल्यावरही हे काम भिंतीला चिकटून राहिले आहे, आणि ते पाहताना मन हेलावते.

नव्या हॉलमध्ये याच कलेचा पूर्ण बहर दिसतो. वरच्या मजल्यावरील मोठ्या दालनाच्या भिंतींवर, छताखाली, शिकारीची रोमन देवी डायना आणि तिचे अरण्य रंगीत गिलाव्यात उठावाने साकारले आहे. सुमारे ५० मीटर लांबीच्या गॅलरीत बायबलमधील योद्धा गिडिअन याची कथा सांगणारे १३ लोकरी भित्तिपट आहेत. बेसने ते १५९२ मध्ये राणी एलिझाबेथच्या दरबारातील मंत्री सर क्रिस्टोफर हॅटन याच्या वारसाकडून विकत घेतले आणि त्यांवरील हॅटन घराण्याची चिन्हे झाकून आपली लावायची म्हणून किमतीत सूटही मिळवली. या भित्तिपटांच्या जतनाचे काम २४ वर्षे चालले आणि २०२३ मध्ये पूर्ण झाले.

मग एकच घर का पडले? त्याला युद्ध, आग किंवा वय यांपैकी काहीही कारण नव्हते. बेस १६०८ मध्ये वारली. पुढे तिच्या वंशजांनी, म्हणजे डेव्हनशायरच्या अर्ल आणि नंतरच्या ड्यूक घराण्याने, चॅट्सवर्थला मुख्य निवासस्थान केले. दोन मोठ्या घरांची हार्डविकला गरज उरली नाही, आणि अठराव्या शतकात जुना हॉल हेतुपुरस्सर उतरवून त्याचे सामान दुसरीकडे वापरण्यात आले. नवा हॉल दुय्यम ठरल्यामुळेच वाचला: त्याला काळानुसार बदलण्याची तसदी कोणी घेतली नाही.

आणखी एक गल्लत येथेच सांगायला हवी. नव्या हॉलमध्ये स्कॉटलंडची राणी मेरी हिच्या नावाची खोली आहे, आणि मेरी श्रूझबरीच्या अर्लच्या नजरकैदेत अनेक वर्षे होती हेही खरे. पण तिचा शिरच्छेद फेब्रुवारी १५८७ मध्ये झाला, म्हणजे या घराचा पाया घालण्याच्या तीन वर्षे आधी. ती या खोलीत राहणे शक्यच नव्हते.

आज दोन्ही इमारती नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या मालकीच्या आहेत, परंतु जुन्या हॉलची व्यवस्था इंग्लिश हेरिटेज ही तशीच दुसरी संस्था पाहते. भेट देणाऱ्याने आधी जुन्या हॉलच्या जिन्याने वरच्या मजल्यापर्यंत चढावे. तेथून शेजारचा काचेचा महाल समोर दिसतो, आणि हाताशी असलेल्या पडक्या भिंती त्याच्याच वयाच्या आहेत हे मग सांगावे लागत नाही.