कानटोपीत इलास्टिक नसतं

डिसेंबरात पारा दहाच्या खाली उतरला की अमळनेरला आमच्या गल्लीतल्या मावशींच्या ओट्यावर गिऱ्हाईक वाढतं. कानटोप्या, मफलर, बाळाचे मोजे, सगळं हाताने चालवायच्या निटिंग मशीनवर विणलेलं. परवा एका बाईंनी टोपी दोन्ही हातांनी ताणून विचारलं, "यात इलास्टिक घातलंय का हो?" मावशी नाही म्हणाल्या. बाईंना ते पटलं नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

मागावरच्या कापडात धागे जवळपास सरळ असतात. ते ओढलं की ताण थेट धाग्यावर येतो. विणलेल्या लोकरीत धागा नागमोडी फिरतो. मावशींच्या मफलरची एक ओळ मी उसवून मोजली. टाके 60, मफलरची रुंदी 20 सेंमी, आणि धागा निघाला 72 सेंमी! उरलेला 52 सेंमी धागा वळणांत दडलेला होता. ताणल्यावर धागा लांबत नाही, टाक्यांचे फासे, म्हणजे धाग्याची वळणं, आडवे पसरतात आणि उंचीला आखडतात. सोडलं की वाकलेला धागा पुन्हा आपल्या जागी येतो.

हे फासे घालते ती जिभेची सुई. माझा जीव तिच्यावर आहे. टोकाला आकडा, आकड्याखाली खिळीवर हलणारी इवलीशी जीभ. मशीनवरची कॅरेज, म्हणजे सुयांवरून हाताने फिरवायचा भाग, सरकते तेव्हा तिच्या पोटातल्या तिरक्या खाचा सुईला पुढे ढकलतात. आकड्यातला जुना फासा मागे घसरतो, जाता जाता जीभ उघडतो आणि जिभेमागे दांड्यावर थांबतो. उघड्या आकड्यात नवा धागा पडतो. सुई परत फिरते तेव्हा तोच जुना फासा जिभेला मागून रेटतो, आकडा मिटतो, आणि फासा मिटलेल्या आकड्यावरून पुढे निसटतो. नवा धागा त्याच्यातून ओढला जातो. टाका झाला. जीभ उघडायला आणि मिटायला वेगळं काहीही लागत नाही, जुना टाकाच दोन्ही कामं करतो. 1589 मध्ये इंग्लंडात विल्यम लीने पहिलं विणयंत्र केलं, त्यात आकडे दाबून मिटवायला वेगळी पट्टी लागत असे. जिभेच्या सुईचं पेटंट लेस्टरच्या मॅथ्यू टाउनसेंडने घेतलं, 1847 मध्ये. सुई किती मागे जाते यावर फाशाची लांबी ठरते, मशीनवरची डायल तेवढंच बदलते. 60 सुया आणि 450 ओळी म्हणजे एका मफलरात 27,000 टाके. मी एकदा कॅरेज घाईने सरकवली, तर मावशी अहिराणीत म्हणाल्या, "दोरा वढू नको भाऊ, सुई मोडी जाई."

भोवती सगळं काळ्या मातीतलं कापसाचं रान, पण मावशींच्या धाग्याच्या कोनवर ॲक्रिलिक, म्हणजे कृत्रिम लोकरच असते. कापसाचा तंतू ताणला तर नीट मागे येत नाही, सुती टोपी दोन-चार धुण्यांत सैल पडते. खऱ्या लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असतो. ॲक्रिलिकला तो फुगीरपणा आटणारे आणि न आटणारे तंतू मिसळून, गरम करून दिला जातो. ऊब देते ती त्यात अडकलेली हवा.

आता टोपीचा काठ. साध्या विणीत प्रत्येक टाका एकाच बाजूला वाकलेला असतो, म्हणून कडा गुंडाळते. काही उभ्या रांगा सुलट आणि काही उलट घेतल्या की दोन्ही ओढी एकमेकींना मारतात, कडा सपाट राहते. शिवाय सुलट रांगा पुढे येतात, उलट मागे जातात, कापड भात्यासारखं मिटतं आणि डोक्याला धरून बसतं. बाईंना जाणवलेलं "इलास्टिक" हेच.

मावशींच्या मशीनला सुयांची एकच रांग आहे, त्यावर उलट-सुलट आपोआप होत नाही. म्हणून त्या काठाशी दर तिसरा टाका मुद्दाम सोडतात. तो ओळीमागून ओळ उसवत, पायऱ्या उतरल्यासारखा खाली सुटतो. मग दांडीला बसवलेली तसलीच जिभेची सुई घेऊन त्या समोरच्या बाजूने एकेक पायरी उचलत वर येतात, म्हणजे ती रांग बाकीच्यांच्या उलट होते. त्या दिवशी बाईंसमोर त्यांनी एक रांग अशी करून दाखवली, आणि बाईंनी दोन टोप्या घेतल्या.