नारळी पौर्णिमा ते व्हडली दिवाळी

जत्रेच्या फेरीत आणि आता मोबाइलवरही ‘आठ दिवसांत शुक्राणू दुप्पट’ म्हणून चूर्णं विकतात. वृषणाचं पंचांग वेगळं आहे. मूळ पेशी विभागू लागल्यापासून शुक्राणू सुटेपर्यंत सुमारे ७४ दिवस जातात. मध्ये अधिक मास नसेल तर नारळी पौर्णिमेपासून दिवाळीच्या अमावास्येपर्यंत एवढेच दिवस भरतात. पुढे वेटोळ्यांच्या, सहाएक मीटर लांब अधिवृषणात (वृषणामागच्या नळीत) पोहण्याची ताकद येईपर्यंत दोन ते बारा दिवस. म्हणजे व्हडली दिवाळी, गोव्यातलं तुळशीचं लग्न, आलीच.

हे सगळं घडतं दोऱ्यासारख्या बारीक नलिकांत. मूळ पेशी नलिकेच्या भिंतीलगत. काही तिथेच राहून साठा जपतात, बाकीच्या विभागत आत सरकतात. अर्धसूत्री विभाजनात ४६ गुणसूत्रांची २३ होतात, एका पेशीच्या चार.

इथे एक पेच आहे. शुक्राणू बनू लागतात वयात आल्यावर. आपलं कोण, परकं कोण हे प्रतिकारशक्तीने त्याच्या कितीतरी आधी ठरवलेलं असतं. रक्ताशी गाठ पडली तर ती त्यांच्यावर तुटून पडेल. म्हणून नलिकेतल्या सर्टोली पेशी (१८६५ साली एन्रिको सर्टोलीने वर्णिलेल्या) एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. खाजनाच्या (खाडीकाठच्या शेताच्या) बांधावरची मानस, म्हणजे पाण्याचं दार, खारं पाणी अडवते, तशी ही शिवण अँटिबॉडी अडवते. मग भिंतीकडची पेशी आत जाते कशी? तिच्या मागे आधी नवी शिवण पडते, मगच पुढची उसवते. काही काळ ती दोन बंद दारांमध्ये असते. बांध कधीच उघडा पडत नाही.

वृषण शरीराहून दोन-तीन अंश थंड लागतं. डेंगूच्या तापानंतर काही आठवड्यांनी संख्या घसरते, ती याचमुळे. तपासणी तीन महिन्यांनी पुन्हा करावी. जिममधल्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनाने उलटंच होतं: रक्तात भरपूर दिसलं की मेंदूतली पिट्युटरी ग्रंथी वृषणाला संदेश पाठवणं थांबवते, तिथलं स्थानिक टेस्टोस्टेरॉन आटतं, आणि संख्या शून्यावरही येते. ‘एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त’ ही तर निव्वळ थाप. वीर्यातला बहुतेक भाग वीर्याशय आणि प्रोस्टेटचा द्रव असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या निकषात शुक्राणूंची खालची मर्यादा मिलिलिटरला १ कोटी ६० लाख आहे. नमुन्याआधी वीर्यपातात दोन ते सात दिवसांचा खंड हवा. घरून नेत असाल तर तासाभरात पोचवा, आणि बाटली एसीच्या झोताखाली नको, शर्टाच्या आत अंगालगत ठेवा.