‘दिवस ढकलण्या’ला नकार: एका कॅथलिक आग्रहाची पार्श्वभूमी

तुरीन येथे खाणकाम अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारे पिएर जॉर्जो फ्रसाती यांनी २७ फेब्रुवारी १९२५ रोजी एका मित्राला लिहिलेल्या पत्रात ‘विवाक्यारे’ हे इटालियन क्रियापद वापरले आहे. जगणे या साध्या क्रियापदाचे ते थोडे हिणवणारे रूप असून मराठीत त्याला ‘दिवस ढकलणे’ हा इतका चपखल प्रतिशब्द आहे की अनुवादकाला डोके खाजवावे लागत नाही. श्रद्धेविना, जपावा असा वारसा नसताना आणि सत्याची बाजू सतत झगडून न धरता जगणे हे जगणे नव्हे, नुसते दिवस ढकलणे होय, असे फ्रसाती यांचे म्हणणे होते. पोप लिओ चौदावे यांनी ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले. त्यांच्या या वाक्यामागची परंपरा मात्र बरीच जुनी आहे, आणि तिची सुरुवात तुमच्याआमच्यासारख्या प्रापंचिकांपासून झालेली नाही.

बायबलमधील प्रकटीकरणाच्या पुस्तकात लावदिकीया या शहरातील ख्रिस्ती मंडळीला ‘तू उष्ण नाहीस, शीतही नाहीस, कोमट आहेस, म्हणून मी तुला तोंडातून ओकून टाकणार आहे’ असे ठणकावले आहे. या कोमटपणाचे बारकाईने निदान केले ते चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या संन्याशांनी. त्यांच्यापैकी इव्हाग्रियस यांनी भर दुपारी गाठणाऱ्या एका सैतानाचे वर्णन केले आहे. सूर्य जागचा हलत नाही आणि दिवस पन्नास तासांचा असावा असे वाटू लागते. संन्यासी सारखा खिडकीबाहेर डोकावतो, जेवणाची वेळ किती दूर आहे ते पाहतो, कोणी बंधू भेटायला येतो आहे का याचा कानोसा घेतो. मग त्याला ही जागाच नकोशी होते, हातातल्या कामाचा वीट येतो आणि दुसरीकडे कुठेतरी साधना अधिक चांगली होईल अशी खात्री वाटू लागते. साडेतीनच्या सुमारास कार्यालयातील घड्याळाकडे पाहणाऱ्या कोणालाही हे वर्णन परके वाटणार नाही. त्यावर सांगितलेला उपाय अगदी रूक्ष आहे: खोली सोडू नये.

पुढे बरीच शतके हा रोग आणि हा उपाय, दोन्ही मुख्यतः मठवासीयांचे मानले गेले, आणि संसारी माणसाने देवाच्या आज्ञा पाळाव्यात, मिस्सेला म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेला यावे, एवढ्यावर त्याची सुटका होत असे. संसारी किंवा साध्या माणसाला संतपद मिळत नसे असे नव्हे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया हे पुरोहित नव्हते, फ्रान्सिस्कन संघातील साधे बंधू होते. तरीही त्यांना १८६२ मध्ये संतपद मिळाले, ते १५९७ साली नागासाकीला क्रूसावर पत्करलेल्या मरणामुळे. मरण पत्करण्याची वेळ ज्याच्यावर येतच नाही, त्याने रोजच्या धबडग्यात काय करावे, हा प्रश्न त्यामुळे सुटत नव्हता.

तो प्रश्न जिनिव्हाचे बिशप फ्रान्सिस दे सालेस यांनी थेट हाती घेतला. १६०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात, सैनिकांची छावणी, कारागिराचे दुकान, राजदरबार आणि विवाहितांचे घर येथून भक्तीला हद्दपार करू पाहणे हे पाखंड आहे, असे त्यांनी बजावले. मात्र प्रत्येकाची भक्ती त्याच्या कामाला आणि ताकदीला साजेशी असावी, हेही सांगितले. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच आहे, कारण येथून ‘आम्ही काय, साधी माणसे’ ही सबब चालेनाशी झाली. जगभरातील कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २१ नोव्हेंबर १९६४ रोजी जारी केलेल्या चर्चविषयक दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात, पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे, हे अधिकृतपणे मांडले, आणि मार्च २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी आपल्या बोधपत्राच्या आरंभीच, देवाला आपले बेचव, सुमार जगणे नको आहे, असे लिहिले.

दे सालेस आणि परिषद यांच्या मधल्या काळात फ्रसाती येतात. १९०१ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील ‘ला स्तांपा’ या वृत्तपत्राचे सर्वेसर्वा, सिनेटर आणि पुढे जर्मनीतील राजदूत होते, आणि धर्माशी त्यांचे फारसे देणेघेणे नव्हते. मुलगा शाळेत लॅटिनमध्ये नापास झाला आणि पदवीची परीक्षाही शेवटपर्यंत पूर्ण झाली नाही, तेव्हा गुणपत्रिकेवरून पाहिले तर सुमारच. विरोधाभास असा की सुमारपणाला नकार देणाऱ्याचे नाव म्हणून आज त्याचेच घेतले जाते. ते रोज कम्युनियन, म्हणजे मिस्सेतील पवित्र भाकर, घेत, डोंगर चढत, मित्रांच्या थट्टामस्करीत पुढे असत आणि गरिबांना मदत करणाऱ्या संत व्हिन्सेंट द पॉल संस्थेच्या वतीने तुरीनमधील गरिबांच्या घरी जात; घरच्यांना यातले फारच थोडे ठाऊक होते.

जून १९२५ च्या अखेरीस त्यांना पोलिओने गाठले. त्याच दिवसांत आजी मरणासन्न होती, सगळ्यांचे लक्ष तिच्याकडे होते, आणि नातवाचे दुखणे अंगावर काढण्याजोगे समजले गेले. आजी वारली, पाठोपाठ नातवाचे पाय गेले. ३ जुलै रोजी त्यांनी बहिणीला कोटाच्या खिशातून दोन वस्तू काढायला सांगितल्या: एका गरीब रुग्णासाठी आणलेली इंजेक्शने आणि दुसऱ्या एकाची गहाणखान्यातील पावती. लुळ्या पडत चाललेल्या हाताने, वाचता येईल न येईल अशा अक्षरांत त्यांनी एका मित्रासाठी चिठ्ठी लिहिली. इंजेक्शने कोणाला पोचवायची ते तिच्यात होते. पावतीचे आपण विसरलो होतो, तिची मुदत आपल्या खर्चाने वाढवून घ्यावी, असेही होते. दुसऱ्या दिवशी ते गेले. अंत्ययात्रेच्या वाटेवर गरिबांची जी गर्दी लोटली, ती पाहून आईवडिलांना आपला मुलगा संध्याकाळी कुठे जात असे याचा पहिल्यांदा पत्ता लागला.